पुरुषांचे मानसिक आरोग्य

पुरुषांमधील मानसिक ताण व मनोविकार कोणत्या रूपात दिसतात आणि त्यांसाठी पुरुष मदत केव्हा, कोणाकडे व कशी मागतात, याचा विचार करणारे अभ्यासक्षेत्र. मानसोपचार, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य यांच्या सीमेवर ते विकसित झाले.

क्षेत्राच्या मुळाशी एक विसंगती आहे. नैराश्याचे निदान स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे दुप्पट होते; आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूंचा जागतिक दर मात्र पुरुषांमध्ये स्त्रियांच्या दुपटीहून अधिक आहे. मृत्यूदरांतील ही तफावत फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेम यांनी १८९७ मध्येच चर्चिली होती. ती केवळ जैविक मानता येत नाही, कारण चीनच्या ग्रामीण भागात १९९० च्या दशकात स्त्रियांचा दर पुरुषांहून अधिक होता.

‘पुरुषी नैराश्य’ ही संकल्पना वादग्रस्त असून तिचा उगम सामान्यतः स्वीडनच्या गॉटलंड बेटावरील प्रयोगाशी जोडला जातो. तेथे १९८३–८४ च्या सुमारास सामान्य वैद्यांना नैराश्याचे निदान व उपचार यांचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यानंतर आत्महत्या घटल्या. पण ही घट प्रामुख्याने स्त्रियांमध्ये होती, पुरुषांचे प्रमाण जवळजवळ तसेच राहिले. प्रशिक्षित वैद्यांपर्यंत आत्महत्या करणारे पुरुष पोहोचलेच नव्हते, किंवा पोहोचूनही ओळखले गेले नव्हते. मानसोपचारतज्ज्ञ वोल्फगांग रुट्झ यांनी यावरून असे मांडले की, पुरुषांतील नैराश्य उदासी व रडू यांऐवजी चिडचिड, रागाचे झटके, मद्यपान, धोका पत्करणे आणि ताण सहन न होणे यांतून व्यक्त होते. त्यासाठी १३ प्रश्नांची गॉटलंड मापनश्रेणी तयार झाली. बेट लहान, आत्महत्यांची वार्षिक संख्याही लहान. त्यामुळे मूळ निष्कर्षाच्या सांख्यिकीय बळाविषयी शंका घेतल्या गेल्या, आणि त्या रास्त आहेत. तरीही २०१३ मध्ये अमेरिकी सर्वेक्षणाच्या आधारे झालेल्या विश्लेषणात नेहमीच्या लक्षणांसोबत राग, व्यसन व धोकादायक वर्तन धरल्यावर नैराश्याचे प्रमाण पुरुषांत ३०.६ टक्के व स्त्रियांत ३३.३ टक्के आले. म्हणजे दुपटीचा फरक जवळपास नाहीसा झाला. अशी लक्षणे स्त्रियांतही आढळतात, म्हणून हा स्वतंत्र विकार न मानता एकाच विकाराचा वेगळा आविष्कार समजणे अधिक सयुक्तिक ठरते.

मदत न मागण्याची कारणमीमांसाही बदलत गेली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोसेफ प्लेक (१९८१) यांनी पुरुषपणाच्या परस्परविरोधी अपेक्षांमुळे येणाऱ्या ताणावर भर दिला. पुढे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड लेव्हंट यांनी, भावना शब्दांत मांडता न येणे हे अनेक मुलग्यांच्या संगोपनातूनच घडते, असे सुचविले. मायकेल ॲडिस व जेम्स महालिक (२००३) यांनी प्रश्न व्यक्तीकडून परिस्थितीकडे वळवला: ही अडचण इतरांनाही असते असे त्या पुरुषाला वाटते का, मदतीची परतफेड करता येईल का, मदत घेतल्याने आपल्या लोकांत त्याची किंमत घटेल का? ‘पुरुष बोलतच नाहीत’ या सरसकट विधानापेक्षा ही मांडणी उपयोगी आहे, कारण तोच पुरुष एका ठिकाणी गप्प राहतो व दुसऱ्या ठिकाणी मोकळा होतो. शिवाय अनेकजण वैद्याकडे जातात ते झोप न लागणे, पाठदुखी किंवा थकवा सांगत. तेथे मनाविषयी थेट व न अवघडता विचारले गेले, तर मदतीची सुरुवात तिथेच होऊ शकते.

औपचारिक उपचारांत समुपदेशन, बोधात्मक वर्तनोपचार (विचार व वर्तन यांच्या सवयी बदलण्यावर भर देणारी पद्धत) व औषधे ही पुरुषांसाठीही प्रस्थापित साधने आहेत. अनौपचारिक उपक्रमांपैकी ऑस्ट्रेलियातील ‘मेन्स शेड’ सर्वपरिचित आहे. पुरुषांनी एकत्र येऊन सुतारकाम, दुरुस्ती इत्यादी करायची आणि हातांना काम असताना गप्पा होऊ द्यायच्या, असे त्याचे स्वरूप. पहिली शेड कोणती याविषयी एकमत नाही: १९९३ च्या सुमाराची गुलवा येथील की हे नाव धारण करणारी, १९९८ मधील टोंगाला येथील. नंतर आयर्लंड व ब्रिटनमध्येही अशा शेड पसरल्या.

नव्याने पिता झालेल्या पुरुषांतील प्रसूतिपश्चात नैराश्याकडे लक्ष बरेच उशिरा गेले. मातांसाठीची एडिंबरो मापनश्रेणी ही प्रश्नावलीच त्यांच्यासाठीही वापरली जाते, मात्र नैराश्याची शक्यता धरण्याची गुणमर्यादा सहसा कमी ठेवली जाते.