अवटु-अतिक्रियता आणि गर्भधारणेची पूर्वतयारी

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला बिलगून असलेल्या अवटु (थायरॉईड) ग्रंथीतून संप्रेरके गरजेपेक्षा जास्त स्रवू लागली की त्या अवस्थेस अवटु-अतिक्रियता म्हणतात. मूल हवे असलेल्या स्त्रीला हा विकार असल्याचा नुसता संशय आला, तरी तीन गोष्टी क्रमाने व्हाव्या लागतात : अतिक्रियता खरोखर आहे का ते ठरवणे, तिचे कारण शोधणे आणि संप्रेरके स्थिरावल्यावर मगच गर्भधारणेला वाट मोकळी करणे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांत ‘तिला थायरॉईड निघाला’ एवढ्यावर बोलणे थांबते. ग्रंथी जास्त काम करते की कमी, हे त्यात येतच नाही. एकीची गोळी दुसरीने घेण्याची चूक येथूनच सुरू होते. ग्रंथी मंदावल्यावर देतात ती लेव्होथायरॉक्सिनची गोळी अतिक्रियता असलेल्या स्त्रीने घेतली, तर आधीच जास्त असलेल्या संप्रेरकात आणखी भर पडते.

संज्ञा व इतिहास : ‘अवटु’ ही परिभाषा रूढ झाली असली तरी तिचा मूळ अर्थ वेगळा आहे. अमरकोशात अवटु, घाटा आणि कृकाटिका ही मानेच्या मागच्या भागाची, म्हणजे मानगुटीची नावे आहेत. आधुनिक परिभाषेत हा शब्द गळ्याच्या पुढच्या ग्रंथीला लावला गेला. ‘थायरॉईड’ हे नाव ढालीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले असून ते टॉमस व्हार्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १६५६ मध्ये वापरले. दवाखान्यात ‘थायरॉईड’च चालतो, या नोंदीत दोन्ही शब्द एकाच अर्थाने येतात.

अतिक्रियतेचा उल्लेख प्राचीन वैद्यकात शोधताना सुश्रुतसंहितेतील गलगंडाकडे बोट दाखवले जाते. या ग्रंथाच्या काळाविषयी मतभेद आहेत. त्याचे आजचे रूप अनेक शतकांच्या संस्कारांतून आले असावे. त्याच्या निदानस्थानात गलगंडाचे वातज, कफज आणि मेदोज असे तीन प्रकार आहेत, पित्तज प्रकार नाही. गळ्याशी लोंबणारी सूज, जडपणा आणि संथ वाढ या वर्णनात डोळे पुढे येणे, धडधड किंवा झपाट्याने रोडावणे यांची सांगड घातलेली नाही. त्यामुळे हे वर्णन आयोडीनच्या कमतरतेने होणाऱ्या गलगंडाशी अधिक जुळते असे मानणे सयुक्तिक दिसते. गळा सुजणे आणि ग्रंथी जास्त काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गळा अजिबात न सुजताही अतिक्रियता असू शकते.

गळ्याची सूज आणि बटबटीत डोळे यांचा संबंध इराणी वैद्य जुर्जानी यांनी बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवल्याचे काही इतिहासकार मानतात. युरोपात बाथ येथील केलेब पॅरी यांनी १७८६ मध्ये असा रुग्ण पाहिला, पण त्यांचे टिपण मृत्यूनंतर, १८२५ मध्ये छापले गेले. डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांचे वर्णन १८३५ चे, तर जर्मनीतील कार्ल फॉन बाझेडो यांचे १८४० चे आहे. काळाच्या दृष्टीने मान पॅरींकडे जातो. तरीही इंग्रजी वळणाच्या वैद्यकात ‘ग्रेव्ह्ज विकार’ हेच नाव टिकले आणि भारतातही तेच वापरतात. रक्तातील एक घटक ग्रंथीला दीर्घकाळ चेतवत राहतो हे न्यूझीलंडमधील अ‍ॅडम्स आणि पर्व्ह्ज यांनी १९५६ मध्ये दाखवले. हा घटक म्हणजे शरीराने स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड. ते वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, म्हणून गर्भधारणेच्या संदर्भात या शोधाचे महत्त्व फार मोठे आहे.

संशय ते निदान : धडधड, घाम, उकाडा सहन न होणे, भूक असूनही वजन उतरणे, हात कापणे, वारंवार शौचास होणे, झोप न लागणे, पाळीत रक्तस्राव कमी होणे किंवा पाळी लांबणे ही लक्षणे आहेत. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५° से.च्या आसपास जातो, तेव्हा घाम आणि घालमेल यांचे खापर उन्हावर फुटते. अहिराणीत ‘उन्हायामा जीव घाबरस’ म्हणून विषय संपतो. उन्हाचा त्रास सावलीत, पाणी पिऊन, रात्री गारवा आल्यावर ओसरतो. अतिक्रियतेची नाडी झोपेतही जलदच राहते. घरातील कोणी पहाटे, ती गाढ झोपेत असताना मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. काळजीने वाढलेली नाडी झोपेत खाली येते. ती ९०–१०० च्या घरातच राहिली तर तपासणी लांबवू नये. दोन्ही हात समोर ताठ धरून, बोटे फाकवून त्यांवर कोरा कागद ठेवला, की डोळ्यांना न दिसणारा बारीक कंप कागदाच्या कडांवर थरथरताना दिसतो. पाण्याचा घोट घेताना गळ्याशी वर-खाली होणारा फुगवटाही पाहावा.

रक्तक्षयातही धडधड आणि थकवा येतो. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक विकार) आढळतो, त्यामुळे तेथे रक्तगणना आणि सिकलसेल तपासणी सोबतच करून घेणे योग्य. पुढे औषध सुरू करायचे झाल्यास पांढऱ्या पेशींची आधीची संख्या हाताशी असावी लागते, तीही याच रक्तगणनेत मिळते.

टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक आहे. थायरॉईडची संप्रेरके (टी४ आणि टी३) वाढली की ते दबते. प्रौढांत त्याची मर्यादा साधारण ०.४ ते ४.० मिलि-आययू प्रति लिटर असते. ते ०.१ च्या खाली आणि मुक्त (रक्तातील प्रथिनांना न जोडलेले) टी४ किंवा टी३ वाढलेले असेल तर अतिक्रियता उघड आहे. टीएसएच कमी पण टी४ व टी३ योग्य असतील तर तिला सुप्त अतिक्रियता म्हणतात. अशा वेळी लगेच औषध न देता ४ ते ६ आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. मुक्त टी४ काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, काही पिकोमोल प्रति लिटरमध्ये; पहिल्या आकड्याला १२.८७ ने गुणले की दुसरा मिळतो. हे लक्षात न आल्याने १.३ वरून १६.७ असा ‘फरक’ पाहून घरात घबराट पसरते, वास्तविक ते एकच मूल्य असते. टीएसएच रात्री चढते आणि दुपारी उतरते, म्हणून दर वेळी एकाच प्रयोगशाळेत, सकाळच्या ठरावीक वेळी रक्त द्यावे. उपाशी राहण्याची गरज नसते.

खोटा निष्कर्ष येण्याची तीन कारणे मूल हवे असलेल्या स्त्रीबाबत विशेष महत्त्वाची आहेत. पहिले, बायोटिन. केस व नखांसाठीच्या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम असते आणि अनेक यंत्रांवर टीएसएच खोटे कमी, टी४ व टी३ खोटे जास्त दाखवते. रक्त देण्याच्या किमान दोन दिवस आधी ते थांबवावे. दुसरे, दिवस गेलेले असणे. गर्भधारणेच्या सुरुवातीचे एचसीजी संप्रेरक थायरॉईडलाही चेतवते. त्याचे प्रमाण साधारण ८ ते ११ व्या आठवड्यात सर्वाधिक असते आणि तेव्हा टीएसएच आपोआप खाली जाते. ओकाऱ्या जास्त असतील तर हा बदल ठळक होतो. म्हणून टीएसएच कमी आले की आधी लघवीची गर्भतपासणी करावी. वंध्यत्वाच्या उपचारात दिलेल्या एचसीजीच्या इंजेक्शनाचीही नोंद डॉक्टरांना द्यावी. तिसरे, वजन घटवण्याची अनामिक पावडर किंवा दुसऱ्या कोणाची थायरॉईडची गोळी.

कारण शोधणे : ग्रेव्ह्ज विकार, गाठींचे गलगंड, एकच अतिक्रियाशील गाठ आणि ग्रंथीचा दाह ही मुख्य कारणे. दाहात ग्रंथी जास्त संप्रेरक बनवत नसते, साठवलेले बाहेर गळते. काही आठवड्यांत ते ओसरते आणि पुढे बहुधा काही काळ ग्रंथी मंदावते. त्यामुळे दाहात कार्बिमाझोल (ग्रंथीचे संप्रेरक बनवणे रोखणारी गोळी) देऊन काहीच साधत नाही. विषाणूच्या तापानंतर गळा दुखत असेल किंवा बाळंतपणाला वर्ष झाले नसेल, तर दाहाची शक्यता आधी पाहावी. टीएसएच-ग्राही प्रतिपिंडांची चाचणी (ट्रॅब) होकारार्थी आली तर ग्रेव्ह्ज विकार जवळपास निश्चित होतो. किरणोत्सारी स्कॅननेही कारण कळते, मात्र दिवस गेलेले नाहीत याची खात्री केल्याशिवाय तो करत नाहीत. गर्भनलिकांच्या क्ष-किरण तपासणीत आयोडीनयुक्त द्रव वापरला जातो. त्यानंतर काही आठवडे स्कॅन निरुपयोगी ठरू शकतो आणि गाठी असलेल्या ग्रंथीत अतिक्रियता भडकूही शकते. म्हणून आधी थायरॉईडचा उलगडा, नंतर नलिकांची तपासणी, हा क्रम राखावा.

उपचार आणि थांबण्याचा काळ : सौम्य अतिक्रियतेतही अनेक स्त्रियांना दिवस जातात, अडचण त्यानंतरची असते. उपचार न झालेल्या उघड अतिक्रियतेत गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचे बाळ, गर्भावस्थेतील रक्तदाब आणि आईच्या हृदयावर ताण हे धोके वाढतात. म्हणून औषधात बदल न करता, किमान एक महिन्याच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्या योग्य मर्यादेत येईपर्यंत गर्भनिरोधक वापरावे, असे अमेरिकन थायरॉईड संघटनेची २०१७ ची मार्गदर्शिका सांगते. लग्नाला दोन-तीन वर्षे झालेल्या सुनेला हे थांबणे फार जड जाते. सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर डॉक्टरांनीच कारण सांगितले तर तिच्यावरचा भार कमी होतो.

कार्बिमाझोल शरीरात मेथिमाझोलमध्ये रूपांतरित होते; १० मिलिग्रॅम कार्बिमाझोल म्हणजे सुमारे ६ मिलिग्रॅम मेथिमाझोल. गर्भाच्या ६ ते १० आठवड्यांत हे औषध पोटात असेल तर डोक्यावरच्या त्वचेचा भाग न बनणे, नाकाचा मागचा मार्ग बंद असणे, अन्ननलिका किंवा बेंबीजवळचे दोष संभवतात. प्रोपिलथायोयुरासिलने (पीटीयू) होणारे दोष तुलनेने सौम्य असतात, पण ते क्वचित यकृत निकामी करते. २०१३ च्या डॅनिश अभ्यासात जन्मदोषांचे प्रमाण मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोल घेतलेल्यांत ९.१ टक्के, पीटीयू घेतलेल्यांत ८.० टक्के आणि औषध न घेतलेल्यांत ५.७ टक्के होते. पीटीयू पूर्ण निर्दोष नाही, हे या आकड्यांवरून दिसते. तरी गर्भधारणेचा प्रयत्न आणि पहिली तिमाही यांसाठी त्यालाच पसंती आहे. गोळी बदलल्यावर पुन्हा रक्त तपासून स्थैर्याची खात्री करतात. पीटीयू दिवसातून दोन-तीन वेळा घ्यावे लागते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाताना गोळ्यांचे पाकीट सासरीच राहिले, की आठवडाभराचा खंड पडतो आणि पुढचा अहवाल बिघडतो.

दोन्ही औषधांत क्वचित, हजारात २ ते ५ जणांत, पांढऱ्या पेशी एकदम घटतात. बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. ताप, घसा दुखणे किंवा तोंडात फोड आले तर गोळी तेथेच थांबवून त्याच दिवशी रक्तगणना करावी. गावात तापावर मलेरिया किंवा व्हायरल म्हणून इंजेक्शन घेऊन मोकळे होण्याची रीत आहे. तापाच्या डॉक्टरांना थायरॉईडची गोळी चालू असल्याचे आधी सांगितले पाहिजे. डोळे किंवा लघवी पिवळी दिसल्यास, अंगभर खाज सुटल्यास यकृताची तपासणी तातडीने लागते. धडधडीवरचे प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णास देत नाहीत.

ग्रंथी नष्ट करणारे किरणोत्सारी आयोडीन १९४१ पासून वापरात आहे. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून किरणोत्सारी औषधांच्या शाखेत काम करते. हा उपचार घेतल्यावर स्त्रीने किमान सहा महिने गर्भधारणा टाळायची असते. ग्रेव्ह्जचे प्रतिपिंड त्यानंतर कित्येक महिने वाढलेलेच राहू शकतात, म्हणून ते आधीच खूप जास्त असतील आणि मूल लवकर हवे असेल, तर ग्रंथी काढण्याच्या शस्त्रक्रियेकडे कल असावा. शस्त्रक्रियेनंतर लेव्होथायरॉक्सिन कायमचे लागते आणि गर्भधारणेआधी टीएसएच २.५ च्या खाली ठेवतात. हीच गोळी, जी अतिक्रियतेत घातक, ती आता अत्यावश्यक ठरते; हे कुटुंबाला समजावून सांगावेच लागते.

पुरुष : पतीच्या अतिक्रियतेत शुक्रजंतूंची हालचाल मंदावते, उपचारानंतर ती सहसा सुधारते. किरणोत्सारी आयोडीननंतर पुरुषानेही सुमारे चार महिने थांबावे.

आहार : आयोडीनयुक्त मीठ बंद करण्याची गरज नाही, समुद्री शेवाळाच्या गोळ्या आणि आयोडीनची पूरके मात्र टाळावीत. बाजरीतील काही घटक थायरॉईडच्या कामात अडथळा आणतात, पण त्याचा परिणाम आयोडीनची कमतरता असताना गलगंड वाढण्याच्या रूपाने दिसतो. हिवाळ्यात बाजरीची भाकरी नेहमीप्रमाणे खावी. ती अतिक्रियतेवरचे औषध नव्हे. फॉलिक अ‍ॅसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, प्रयत्न सुरू करण्याआधीपासून घ्यावे.

दिवस गेल्यावर : पाळी चुकताच घरी तपासणी करावी आणि होकार आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. गोळी स्वतःहून बंद करू नये आणि पुढच्या भेटीपर्यंत तशीच चालूही ठेवू नये. मात्रा अगदी कमी असून आजार दीर्घकाळ शांत असेल तर डॉक्टर ती थांबवून दर एक-दोन आठवड्यांनी रक्त तपासतात. अन्यथा पीटीयूवर नेतात. मात्रा टीएसएच पाहून नव्हे, तर मुक्त टी४ वरच्या मर्यादेच्या आसपास राहील इतकी कमीत कमी ठेवतात, कारण औषध वारेतून जाऊन बाळाची ग्रंथी मंदावते. प्रतिपिंड सुरुवातीला तपासतात. ते वाढलेले असतील तर १८ ते २२ आणि ३० ते ३४ आठवड्यांत पुन्हा. शस्त्रक्रिया किंवा आयोडीनने ग्रंथी नष्ट झालेल्या स्त्रीतही ही चाचणी लागते, कारण ग्रंथी गेली तरी प्रतिपिंड उरतात.

पहिले बाळंतपण माहेरी होण्याची प्रथा असल्याने सासरकडच्या डॉक्टरांची फाइल, विशेषतः प्रतिपिंडांचा अहवाल, माहेरच्या बालरोगतज्ज्ञांपर्यंत पोहोचला पाहिजे. आईच्या गोळीचा अंश बाळाच्या अंगात असेपर्यंत ते पहिले काही दिवस ठीक दिसते. अंश उतरल्यावर साधारण तिसऱ्या ते दहाव्या दिवसात दूध ओढूनही वजन न वाढणे, सतत किरकिर आणि जलद नाडी अशा रूपाने त्याची अतिक्रियता उघड होऊ शकते. म्हणून प्रतिपिंड जास्त असलेल्या आईच्या बाळाचे टी४ आणि टीएसएच तिसऱ्या ते पाचव्या दिवशी व पुन्हा दहाव्या ते चौदाव्या दिवशी पाहतात. दुसरी तपासणी सुटू नये, यासाठी घरी सोडतानाच तिची तारीख फाइलवर लिहून घ्यावी.