रॉक्सबर्ग, विल्यम

(१७५१–१८१५). भारतातील उष्ण कटिबंधीय वनस्पतींचे वर्णन, वर्गीकरण व नामकरण करणारे स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यवैद्य. शिसव, बिबळा, टेंभुर्णी, कांडोळ, कुंभा, आंबेहळद या आपल्याकडच्या ओळखीच्या वनस्पतींच्या शास्त्रीय नावांपुढे ‘रॉक्स.’ अशी जी अक्षरे छापलेली असतात, ती यांच्या नावाची.

भारतीय वनस्पतिशास्त्राचे जनक असा त्यांचा उल्लेख बऱ्याचदा होतो. तो तसाच मान्य करणे कठीण आहे. डच अधिकारी व्हान ऱ्हीड यांचा मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा सचित्र ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळातच प्रसिद्ध झाला होता आणि त्यातील माहितीचा मोठा भाग इट्टी अच्युतन या केरळी वैद्यांसारख्या जाणकारांनी पुरवला होता. रॉक्सबर्ग यांचे वेगळेपण दुसऱ्या गोष्टीत आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस यांची दोन पदांची नामपद्धती (आधी प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे नाव, मग त्या एका जातीचे जातिनाम) घेऊन, इथेच राहून, जिवंत झाडासमोर बसून त्यांनी हजारो वनस्पतींची वर्णने लिहिली. युरोपातील त्यांच्या समकालीनांना बहुधा जहाजातून आलेल्या वाळक्या फांद्यांवरच भागवावे लागे.

रॉक्सबर्ग यांचा जन्म स्कॉटलंडमधील एअरशर परगण्यात झाला. एडिनबरोला वैद्यक शिकताना जॉन होप यांच्या व्याख्यानांतून त्यांना वनस्पतिशास्त्राची गोडी लागली. ब्रिटनमध्ये लिनीअस यांची पद्धत शिकवू लागलेल्या पहिल्या काही अध्यापकांपैकी होप हे एक. कंपनीच्या जहाजांवर शल्यवैद्याचा मदतनीस म्हणून काम केल्यावर १७७६ मध्ये रॉक्सबर्ग मद्रासच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. तेथे त्यांची गाठ योहान गेरहार्ट क्योनिग यांच्याशी पडली. क्योनिग हे खुद्द लिनीअस यांचे शिष्य. डॅनिश वसाहतीचे वैद्य म्हणून १७६८ मध्ये ते आजच्या तमिळनाडूतील तरंगमबाडीला आले होते आणि दक्षिणेत हिंडून वनस्पती गोळा करत होते.

१७८१ मध्ये रॉक्सबर्ग यांची नेमणूक आजच्या आंध्र प्रदेशातील सामलकोटला झाली. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाजवळचे हे लहानसे ठाणे त्यांच्या कारकिर्दीचा खरा पाया ठरले. तेथे त्यांनी बाग लावली. मिरी, नीळ, ऊस यांवर प्रयोग केले. कंपनीला त्यांच्याकडून हवी होती ती नफा देणारी झाडे: मिरीच्या वेली, निळीचे नवे स्रोत, दोरखंडासाठी वाख, जहाजांसाठी लाकूड. त्यांच्या वर्णनांवर याची छाप स्पष्ट दिसते. फुलाची बारीक चिरफाड झाली की पुढच्याच परिच्छेदात लाकूड किती टिकते, सालीचा रंग कोणता निघतो, स्थानिक लोक पाने कशाला वापरतात हे येते. काळ्या कुड्याच्या पानांतून नीळ काढण्याचा त्यांनी पाठपुरावा केला, तर रोहण या झाडाची साल तापावर सिंकोनाच्या (कोयनेल देणाऱ्या झाडाच्या) जागी चालेल असे सुचवले. रोहणाला त्यांनी महोगनीच्या प्रजातीत टाकले होते. पुढे १८३० मध्ये त्याच्यासाठी सॉयमिडा ही वेगळी प्रजाती करण्यात आली, पण रॉक्सबर्ग यांनी दिलेले ‘ज्वर घालवणारी’ या अर्थाचे जातिनाम फेब्रिफ्यूगा कायम राहिले.

सामलकोटलाच त्यांनी भारतीय चित्रकार कामाला ठेवले. प्रत्येक वनस्पतीचे शक्यतो मूळ आकाराचे रंगीत चित्र, खाली फुलाचे सुटे भाग, आणि चित्राला जोडलेला क्रमांकित मजकूर असा शिरस्ता बसला. क्योनिग १७८५ मध्ये वारले. त्यांच्यानंतर पॅट्रिक रसेल कंपनीचे वनस्पतितज्ज्ञ झाले (घोणस सापाच्या शास्त्रीय नावातले रसेल ते हेच). रसेल गेल्यावर ते काम रॉक्सबर्ग यांच्याकडे आले. सुमारे पाचशे चित्रे व वर्णने लंडनला गेली. त्यांतील तीनशे निवडून इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांच्या देखरेखीखाली कोरोमंडल (भारताच्या आग्नेय) किनाऱ्याच्या वनस्पतींचा तीन खंडांचा ग्रंथ निघाला. पहिला भाग १७९५ मध्ये आला आणि शेवटचा १८२० मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी.

कलकत्त्याजवळ शिबपूरला कंपनीची बाग १७८७ मध्ये रॉबर्ट किड यांनी सुरू केली होती. किड १७९३ मध्ये वारल्यावर रॉक्सबर्ग तेथे अधीक्षक झाले आणि १८१३ पर्यंत त्या पदावर राहिले. उष्ण कटिबंधातील वनस्पतींच्या वर्गीकरणात बागेचे महत्त्व किती, हे समजायला हळद व आले यांचे कुल (जवळच्या प्रजातींचा समूह) पुरेसे आहे. या वनस्पतींची फुले नाजूक, पाणीदार आणि जेमतेम दिवसभर टिकणारी. कागदांत दाबून वाळवली की पाकळी कोणती आणि पाकळीसारखा झालेला पुंकेसर कोणता हे कळेनासे होते. त्यामुळे युरोपातील संग्रहांत या कुलाचा नुसता गोंधळ होता. रॉक्सबर्ग यांनी ठिकठिकाणचे कंद मागवून बागेत लावले, फुलण्याची वाट पाहिली आणि ताज्या फुलांवरून वर्णने केली. १८१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या या कुलावरील लेखात आंबेहळद (कुर्कुमा अमाडा) आणि काळी हळद (कुर्कुमा सीझिया) यांना आजही चालू असलेली नावे मिळाली. जाडजूड काट्यांचे वेत, प्रचंड पानांचे ताड आणि उंच शेंड्यावर फुलणारे वृक्ष यांच्याबाबतीतही अडचण साधारण अशीच होती. वाळका तुकडा हाती येई, पण झाड कसे आहे ते त्यातून दिसत नसे.

नावे देताना त्यांनी दोन वाटा वापरल्या. एक म्हणजे माणसांचा गौरव. कुंभ्याची प्रजाती कॅरिया ही बंगालमधील श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम कॅरी यांच्या नावाची. मराठी वाचकांना कॅरी ठाऊक आहेत ते १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा मराठी कोश यांमुळे. पण ते पक्के बागवेडेही होते आणि रॉक्सबर्ग यांचे जवळचे मित्र. सह्याद्रीच्या उतारावर उन्हाळ्यात फुलणाऱ्या कुंभ्याला मराठी कोशकाराचे नाव असावे, हा योगायोग मजेशीर आहे. किडिया ही वारंगाची प्रजाती किड यांच्यासाठी. सालईच्या बॉसवेलिया या नावात रॉक्सबर्ग यांच्या पत्नीच्या माहेरचे आडनाव सापडते. एडिनबरोच्या बॉसवेल घराण्यातील एका वैद्याच्या स्मरणार्थ ते दिले होते. दुसरी वाट देशी नावांची. अर्जुना, अशोका, सिस्सू, अमाडा ही जातिनामे त्यांनी लोकांच्या तोंडून किंवा संस्कृत पंडितांकडून घेतली आणि लॅटिनच्या चौकटीत बसवली. नव्या देशात कुठल्याही झाडाला आपल्या आश्रयदात्याचे नाव चिकटवण्याच्या त्या काळात ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

मात्र त्यांची सगळीच नावे टिकली नाहीत. याची कारणे पाहिली की वनस्पतींच्या नामकरणाचे नियम नीट उलगडतात. नाव चालू ठरते ते वर्णन प्रथम कोणी लिहिले यावरून नव्हे, प्रथम कोणाचे छापले गेले यावरून. आणि हा हिशेब लिनीअस यांच्या १७५३ च्या ग्रंथापासून सुरू होतो. उंबराला रॉक्सबर्ग यांनी फायकस ग्लोमेराटा म्हटले. भारतीय पुस्तकांत ते दीर्घकाळ वावरले, पण लिनीअस यांनी १७५३ मध्ये त्याच झाडाला फायकस रेसिमोसा म्हटले होते, म्हणून तेच खरे. पळसाचे अर्धे नाव गेले, अर्धे राहिले. फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनी त्याला आधीच पांगाऱ्याच्या प्रजातीत मोनोस्पर्मा म्हणून नोंदवले होते. त्यामुळे रॉक्सबर्ग यांच्या ग्रंथातील फ्रॉन्डोसा हे जातिनाम मागे पडले, ब्युटिया हे प्रजातीनाम मात्र टिकले. अशोकाचे नेमके उलट झाले. प्राच्यविद्यापंडित विल्यम जोन्स यांच्या गौरवार्थ त्यांनी जोन्सिया अशोका हे नाव योजले. पण सराका ही लिनीअस यांची प्रजाती त्याहून जुनी असल्याने जोन्सिया बाद झाली. मग बरीच वर्षे आपल्याकडच्या अशोकाला सराका इंडिका म्हणत. ते आग्नेय आशियातील दुसऱ्याच झाडाचे नाव असल्याचे पुढे दाखवण्यात आले, आणि १९६८ मध्ये सराका अशोका या रूपात रॉक्सबर्ग यांचे जातिनाम परत आले.

सर्वांत मोठे नुकसान केले ते छपाईच्या दिरंगाईने. १८१३ मध्ये प्रकृती ढासळल्याने ते भारत सोडून गेले, तेव्हा भारतीय वनस्पतींवरील त्यांचा मुख्य ग्रंथ हस्तलिखितातच होता आणि त्याची प्रत कॅरींकडे होती. १८१४ मध्ये कॅरींनी श्रीरामपूरच्या छापखान्यातून बागेतील सुमारे ३,५०० जातींची यादी प्रसिद्ध केली. पण ती यादीच. वर्णन नसलेले नाव ग्राह्य धरले जात नाही. तिच्यातील ज्या नावांपुढे ऱ्हीड किंवा सतराव्या शतकातील वनस्पतिशास्त्रज्ञ रुम्फिअस यांच्या जुन्या ग्रंथांतील वर्णनांचा हवाला होता, तेवढीच काय ती टिकली. रॉक्सबर्ग १८१५ मध्ये एडिनबरोला वारले. मुख्य ग्रंथाचे दोन खंड १८२० आणि १८२४ मध्ये निघाले, त्यांत शिबपूरच्या बागेचे नंतरचे अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिक यांनी स्वतःची भर घातली होती. संपूर्ण ग्रंथ वॉलिक यांची भर वगळून तीन खंडांत यायला १८३२ उजाडले. मधल्या काळात रॉक्सबर्ग यांची हस्तलिखिते, चित्रे आणि बिया युरोपात पोचल्या होत्या व इतरांनी ती नावे छापली. नावांपुढे ‘रॉक्स. एक्स’ असे दिसते ते यामुळे: नाव रॉक्सबर्ग यांनी सुचवलेले, पण प्रथम वर्णनासह छापले दुसऱ्याने. रबराच्या वडाचे फायकस इलॅस्टिका हे नाव अशा रीतीने कोपनहेगनच्या हॉर्नेमान यांच्याकडे जाते. अर्जुनाचे नाव १८२८ मध्ये द कांदोल यांनी छापले आणि १८३४ मध्ये वाइट व आर्नट यांनी ती जाती टर्मिनॅलिया या प्रजातीत नेली, त्यामुळे त्याच्या पूर्ण नामनिर्देशात चार माणसांची नावे येतात.

रॉक्सबर्ग यांचे वर्गीकरण शेवटपर्यंत लिनीअस यांच्या पुंकेसर मोजण्याच्या रीतीवर बेतलेले राहिले. एकच पुंकेसर असणाऱ्या वनस्पतींचा वर्ग पहिला, म्हणून त्यांच्या मुख्य ग्रंथाची सुरुवात कर्दळ, हळद आणि आल्यापासून होते. फ्रान्समध्ये जुस्यू यांनी १७८९ मध्येच नैसर्गिक कुलांची मांडणी पुढे आणली होती. ग्रंथ पुरा छापून येईपर्यंत त्याची चौकट जुनी झाली होती. दुसरा दोष स्थळांचा. कंपनीचे वनस्पतिसंग्राहक ख्रिस्टोफर स्मिथ यांनी आजच्या इंडोनेशियातील मोलुक्का बेटांवरून पाठवलेली आणि इतरांनी आणखी लांबून आणलेली झाडे शिबपूरच्या बागेतच वर्णिली गेली, त्यामुळे एखादी जाती मूळची कुठली याचा पत्ता काही वेळा धूसर राहतो.

कोरोमंडलच्या किनाऱ्यावरील एका वेलीच्या प्रजातीला रॉक्सबर्ग यांच्या गौरवार्थ रॉक्सबर्गिया हे नाव दिले गेले, पण लौरेइरो यांचे १७९० चे स्टेमोना आधीचे असल्याने ते गळाले. हिमालयातील चीर वृक्षाला त्यांनी पायनस लाँजिफोलिया म्हटले होते. तेच नाव सॉल्झबरी यांनी आधी दुसऱ्या पाइनला वापरून ठेवले होते. १८९७ मध्ये सार्जंट यांनी चीर वृक्षाला नवे नाव दिले, ते पायनस रॉक्सबर्गी.

रॉक्सबर्ग यांनी जपून ठेवलेले वाळके नमुने तुलनेने थोडे आणि विखुरलेले आहेत. म्हणून त्यांच्या एखाद्या नावाचा अर्थ नक्की करताना अभ्यासक अनेकदा चित्रांकडे वळतात आणि चित्रालाच त्या नावाचा प्रमाण नमुना ठरवतात. अडीच हजारांहून अधिक चित्रांचा मूळ संच हावडा येथील केंद्रीय राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहालयात आहे, दुसरा लंडनमधील क्यू येथे. ती काढणाऱ्या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावे मात्र कुठे नोंदलेली नाहीत.