दुधाची पिशवी आणि अडकलेले पन्नास पैसे

महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदीची अधिसूचना काढली. तिच्यातून दुधाची पिशवी सुटली, पण अटी घालून. पिशवी किमान ५० मायक्रॉन जाडीची हवी आणि तिच्यावर परत घेण्याची किंमत छापलेली हवी, ५० पैशांपेक्षा कमी नाही. गिऱ्हाइकाने रिकामी पिशवी दुकानात द्यायची, पैसे घ्यायचे आणि पिशवी पुढे पुनर्प्रक्रियेला जायची, असा हिशेब होता. जून २०१९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधिमंडळात सांगितले की राज्यात रोज सुमारे एक कोटी दुधाच्या पिशव्यांचा कचरा होतो, म्हणजे ३१ टन प्लास्टिक, आणि महिनाभरात ही योजना सुरू होईल. मग ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली, सरकार बदलले. आपल्या गल्लीतल्या दुकानात कुणाला ते पन्नास पैसे मिळाल्याचे ऐकिवात नाही.

दुधाचे भांडे परत करणे मुंबईला काही नवीन नव्हते. शहरातले गोठे बाहेर हलवायचे म्हणून १९४९ साली गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहू लागली. तिच्यामागे मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी होते. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर मिळाला. आरेचे दूध काचेच्या बाटलीतून यायचे. बाटलीवर पातळ ॲल्युमिनियमचे टोपण, अंगठ्याने दाबले की आत जाणारे. पहाटे केंद्रावर रांग लागायची ती रिकाम्या बाटल्या आणि दूधकार्ड हातात घेऊन. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली हाती पडायची नाही, त्यामुळे बाटल्या विसळून, जपून ठेवल्या जायच्या. पर्यावरणाचे नावही कुणी घेत नव्हते. बाटली सरकारी डेअरीच्या मालकीची होती, एवढे कारण पुरेसे होते.

तरीही बाटली गेली, आणि उगाच गेली असे म्हणता येणार नाही. काचेचे ओझे जाताना-येताना दोन्ही वेळा वाहायचे, फुटलेल्या बाटल्यांचे नुकसान सोसायचे, आणि धुण्यासाठी रोज गरम पाणी, कॉस्टिक सोडा आणि माणसे लागायची. दुसरीकडे दुधाचा व्याप वाढत होता. गुजरातमधल्या आणंदचे दूध चारशेहून अधिक किलोमीटर रेल्वेने मुंबईला आणण्याची धडपड १९४५ पासूनची. वाटेत दूध नासू नये हीच त्यातली सगळी कसोटी. १९७० मध्ये दूधमहापूर योजना आली, गावोगावच्या सोसायट्यांचे दूध शहरांकडे वाहू लागले, आणि हलकी, स्वस्त, यंत्रावर भरभर भरून सील होणारी पिशवी सगळ्यांनाच सोयीची ठरली. तिने दूध वाचवले, हे तिच्या बाजूने मांडलेच पाहिजे. पाश्चराइज केलेले दूध थंड राहिले तर पिशवीत दोनेक दिवस टिकते. गवळ्याच्या कॅनमधले दूध दुपारपर्यंत तापवले नाही तर हातचे जाते. नासाडी डेअरीच्या दारातून उठली आणि कचरा होऊन आपल्या दारात आली.

आता पिशवीचा हिशेब बघा. एक कोटी पिशव्यांचे ३१ टन म्हणजे एका पिशवीचे वजन जेमतेम तीन ग्रॅम. रोज अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या लागणाऱ्या घरात किलोभर पिशव्या साठायला पाच महिन्यांहून जास्त दिवस लागतात. धुऊन, वाळवून ठेवलेल्या पिशव्या भंगारवाला आजही घेतो, कारण हे पॉलिथिन चांगल्या प्रतीचे असते आणि पुन्हा वितळवता येते. न धुतलेली, आंबट वास सुटलेली पिशवी त्यालाही नको असते. कात्रीने कापून सिंकमध्ये पडणारा तो कोपरा तर कुणाच्याच हाती लागत नाही, थेट मोरीतून गटारात जातो. कोपरा पूर्ण न कापता पिशवीलाच लटकता ठेवला, तर निदान हा तुकडा तरी वाचतो.

गटाराचा धाक या राज्याला एकदा नीट बसला होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या नाल्यांचा ठपका मोठ्या प्रमाणात पिशव्यांवर आला. पुढच्याच वर्षी ५० मायक्रॉनखालच्या कॅरीबॅगवर बंदीचे नियम आले. त्यांचा रोख भाजीच्या पिशवीवर होता, दुधाच्या नव्हे.

परतीची योजना रखडली ती दूधसंघांना आणि डेअऱ्यांना परतीचा रस्ता माहीत नाही म्हणून नव्हे. दुधाचा टेम्पो सकाळी क्रेट उतरवतो आणि आदल्या दिवशीचे रिकामे क्रेट मोजून घेऊन जातो. एक क्रेट कमी भरला तर दुकानदाराच्या नावावर लागतो. आंबूस पिशव्या अन्नाच्या गाडीत नकोत, हे म्हणणे निम्मे खरे आहे. वेगळा डबा ठेवला की तेही मिटते. खरी अडचण अशी की क्रेट डेअरीच्या वहीत मालमत्ता म्हणून असतो आणि पिशवी विकली की वहीतून सुटते.

दिल्लीत मात्र पिशवीविना दूध विकण्याची वाट कधी बंद झालीच नाही. तिथे १९७४ मध्ये सुरू झालेल्या मदर डेअरीच्या बूथवर टोकन टाकले की यंत्रातून सुटे दूध आपल्या बरणीत पडते, आणि पाकिटापेक्षा स्वस्तही मिळते.

केंद्राने प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वेष्टनाचा कचरा गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत तिचे आकडे ठरवून दिले: २०२३–२४ पासून कंपनीने बाजारात आणले तेवढे सगळे प्लास्टिक गोळा झाले पाहिजे. पण ते तिचेच असायला हवे असे नाही. पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून तितक्या वजनाचे प्रमाणपत्र घेतले तरी चालते, आणि २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत अशी बनावट प्रमाणपत्रे सापडलीही.