पत्र्याची जुळणी (स्वबांधणीच्या विमानातील)

हौशी माणसाने किट किंवा नकाशे आणून स्वतः बांधलेल्या धातूच्या विमानात पत्रा आणि आतला सांगाडा एकमेकांवर नीट बसत नसेल, तर तो दोष रिवेट ठोकण्याआधी काढण्याचे काम. वरचा पत्रा बहुधा 0.5 ते 0.8 मिमी जाडीचा, 2024-टी3 या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. सांगाडा म्हणजे स्पार, अर्थात पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य तुळई, आणि त्यावर ओळीने उभ्या असलेल्या रिब, अर्थात बरगड्या. नेहमीचे रिवेट दोन मापांचे, 3/32 आणि 1/8 इंच. आपल्याकडच्या कारागिराच्या भाषेत पाऊण सूत आणि एक सूत.

नागपुरात पत्राकाम म्हटले की आधी कूलर आठवतो. उन्हाळा तोंडावर आला की जस्ती पत्र्याच्या पेट्या ठोकणाऱ्यांची धांदल उडते. पेटीचा कोपरा बसला नाही तर कारागीर स्क्रू आवळून फट ओढून घेतो, आणि कूलरचे काही बिघडत नाही. विमानात हीच सवय महागात पडते. रिवेटचे काम धरून ठेवण्याचे, ओढून आणण्याचे नव्हे. ओढून बसवलेल्या पत्र्यात ताण कायमचा राहतो, इंजिनाची थरथर त्यात भर घालते आणि पुढे भोकापाशी तडा जातो. नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात फाल्कन 2000 विमानाचे भाग जोडणाऱ्यांकडे पक्के फर्मे असतात. घरी बांधणाऱ्याला ती चूक बोटांनी शोधावी लागते.

सर्वांत जास्त कटकट रिब करते. रिबची कड साच्यावर ठोकून काटकोनात वळवलेली असते. बाहेरच्या गोलाईवर धातू आवळावा लागतो, तो पुरेसा आवळत नाही, आणि उरलेल्या लांबीमुळे अख्खी रिब केळ्यासारखी वाकते. ती सपाट जागेवर ठेवली की दोष लगेच दिसतो. स्वयंपाकघरातल्या ओट्याचा ग्रॅनाइट यासाठी उत्तम, घरच्यांची हरकत नसेल तर. मग फ्लूटिंगच्या पक्कडने रिवेटच्या दोन भोकांच्या मधोमध कडेला बारीक पन्हळ पाडायची. प्रत्येक पन्हळ कड किंचित आखूड करते. एक पन्हळ, पुन्हा ओट्यावर, पुन्हा एक, असे करत भोकांची ओळ पट्टीला लागेपर्यंत चालायचे. पन्हळ भोकावर आली तर रिवेटला बसायला सपाट जागाच उरत नाही. कडेचा कोन काटकोनात नसेल तर तो रुंद जबड्याच्या पक्कडने एकदाच, बेताने सुधारायचा. मागे-पुढे वाकवत बसले की हा धातू कडक होऊन तडकतो. तडा दिसला की तो भाग भंगारात.

भोके न जुळण्याचे एक कारण नागपूरकराला वेगळे सांगायला नको. अ‍ॅल्युमिनियम प्रत्येक अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे 23 भाग वाढते. 2.4 मीटरचा पत्रा उन्हात सांगाड्यापेक्षा 20 अंशांनी जास्त तापला, तर तो 1.1 मिमी लांब होतो. पाऊण सुती भोक 2.4 मिमीचे, म्हणजे जवळजवळ अर्धे भोक सरकले. मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना अंगणातून आणलेला पत्रा शेडमधल्या सांगाड्यावर धरला की 'बसूनच नाही राह्यला' हे ऐकू येणारच. दोन्ही भाग रात्रभर एकाच छताखाली ठेवावेत आणि जुळणी सकाळी करावी.

पत्रा तात्पुरता धरायला क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या पिना वापरतात. त्या मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे लावायच्या. एका टोकापासून निघाले तर सगळी चूक दुसऱ्या टोकाला गोळा होते. तरी भोक हुकलेच, तर ड्रिल तिरके घालून ओढू नये. भोक मराठी आठच्या नव्हे, इंग्रजी आठाच्या आकाराचे होते. त्याऐवजी पुढच्या मापाचा रिवेट घालता येतो, फक्त भोकाच्या केंद्रापासून कडेपर्यंत निदान रिवेटच्या दुप्पट व्यासाइतका धातू हवा. एक सुती रिवेटला दोन सूत, म्हणजे 6.4 मिमी. तेवढी जागा नसेल तर भाग बदलावा.

पत्रा आणि रिब यांच्यात फट उरली तर त्याच मिश्रधातूची पट्टी मध्ये घालतात आणि रिवेट तेवढा लांब घेतात. खुणा पेन्सिलीने करू नयेत, शिशातला ग्रॅफाइट अ‍ॅल्युमिनियमला गंजवतो. मार्कर पेन बरे. टोकदार सुईने ओढलेली रेघ तर पुढच्या तड्याची सुरुवातच.

सगळे रिवेट ठोकून झाल्यावर उघडा पडणारा दोष म्हणजे पत्र्याचे डबा वाजणे. अंगठ्याने दाबले की टक्कन आत जातो, सोडले की बाहेर येतो. रिबची कड वाकडी राहिलेली असते, किंवा रिवेट दोन्ही टोकांकडून मध्याकडे ठोकत आणलेले असतात. फुगवट्याभोवतीचे रिवेट काढून पत्रा मोकळा करावा, कड सरळ करावी आणि मधून बाहेर पुन्हा ठोकावे. नाहीच जमले तर आतून हलकी अँगलपट्टी. जुना रिवेट काढताना ड्रिल डोक्याच्या जाडीपुरतेच न्यायचे, डोके पंचाने तिरके करून तोडायचे आणि मागून आधार देत दांडा बाहेर ठोकायचा, म्हणजे भोक मोठे होत नाही.