असेंबल्ड की ब्रँडेड? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

'असेंबल्ड घे, स्वस्त पडेल' हा सल्ला आपल्याकडे गेली पंचवीस-तीस वर्षं फुकटात मिळतो. देणारा बहुतेक वेळा नात्यातला नाहीतर सोसायटीतला 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' मुलगा असतो. सल्ला खोटा नव्हता. पण असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग दुकानात जोडून केलेलं मशीन कंपनीच्या तयार (ब्रँडेड) मशीनपेक्षा स्वस्त पडायचं त्याची कारणं प्रोसेसर-मदरबोर्डात कमी आणि कर, सॉफ्टवेअरचा परवाना आणि बिल या तीन गोष्टींत जास्त होती. ही कारणं एकेक करून गेली, सल्ला मात्र राहिला. आज भाव काढायला बसणाऱ्याने म्हणून मागचं थोडं बघून घ्यावं.

सुरुवातीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये एका अमेरिकन कंपनीने बाजारात मिळणारेच भाग घेऊन आपला पर्सनल कॉम्प्युटर बांधला आणि त्याची रचना उघडी ठेवली. दोनेक वर्षांत इतरांनी तिची नक्कल केली. १९९५ मध्ये एटीएक्स हे मोजमाप आलं आणि कुठल्याही कंपनीचा बोर्ड कुठल्याही कॅबिनेटमध्ये बसू लागला. घरी किंवा दुकानात मशीन जोडणं शक्य झालं ते या दोन गोष्टींमुळे.

आपल्याकडे नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची दारं किलकिली झाली, पण शुल्क इतकं होतं की कॉम्प्युटर ही बँकेने किंवा मोठ्या कारखान्याने घ्यायची वस्तू राहिली. घरात तो आला नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि आला तो बहुधा मुंबईच्या ग्रँट रोड स्टेशनच्या बाजूने, लॅमिंग्टन रोडवरून. या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलं तर टॅक्सीवालाही बुचकळ्यात पडेल. रेडिओ, अँप्लिफायर आणि सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांचा हा जुना बाजार. त्याच दुकानांत पुढे मदरबोर्ड आणि रॅम दिसू लागले. दिल्लीचं नेहरू प्लेस, बेंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट ही याचीच भावंडं. नाशिक, सोलापूर, कोल्हापूरचे जोडणारे आठवड्याला नाहीतर पंधरवड्याला मुंबईची फेरी मारून माल नेत.

त्या काळचं कोटेशन ज्यांनी पाहिलंय त्यांना ते आजही डोळ्यांसमोर दिसेल. दुकानाच्या छोट्या पॅडवर वरून खाली बोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्डडिस्क, फ्लॉपी, सीडी ड्राइव्ह, कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड-माऊस. प्रत्येकासमोर आकडा, शेवटी बेरीज, आणि बेरजेखाली तोंडी प्रश्न: बिल पाहिजे का? पाहिजे असेल तर आकडा वेगळा. सौदा ठरला की काउंटरमागचा पोऱ्या प्रत्येक भागावर तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठं कागदी स्टिकर चिकटवायचा. त्यावर बारा महिन्यांचे बारा चौकोन, बाजूला वर्ष, आणि विकल्याच्या महिन्यावर मार्करची फुली. रॅम बिघडली तर ते स्टिकर शाबूत पाहिजे. फाटलं असेल तर तुमचं नशीब. ग्राहकाच्या हातातली वॉरंटी म्हणजे एवढंच, आणि ती द्यायचा तो दुकानदार, कंपनी नव्हे.

फसवणूकही होतीच. कमी वेगाच्या चिपवरचा छापील आकडा घासून वरच्या वेगाचा आकडा छापायचा, याला बाजारात 'रिमार्क' म्हणत. 'बॉक्स पॅक' प्रोसेसरला गिऱ्हाईक जास्त पैसे मोजू लागलं ते त्यामुळेच. पण याच बाजारात जाणती गिऱ्हाइकंही होती. १९९८ चा तीनशे मेगाहर्ट्झचा सेलेरॉन प्रोसेसर बोर्डावरची एक सेटिंग बदलून साडेचारशेवर चालवता येतो, ही बातमी इंटरनेट घरोघरी पोचण्याआधीच तोंडोतोंडी फिरली होती. ब्रँडेड मशीनच्या मालकाला असली गंमत करता येत नव्हती, कारण त्याच्या बोर्डावर तशी सोयच नसायची.

परवान्याचं प्रकरण बोललं जात नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. असेंबल्ड मशीनमध्ये विंडोज 'टाकून मिळायचं'. त्याची किंमत शून्य, कारण ती प्रत चोरीची. ब्रँडेड मशीनच्या किमतीत मात्र परवान्याचे पैसे धरलेले असत. म्हणजे घरोघरी जी तुलना व्हायची ती दोन सारख्या वस्तूंची नव्हतीच. कायदेशीर विंडोज आणि पक्कं बिल दोन्ही जोडलं असतं तर त्या काळातही दोघांमधलं अंतर निम्म्यावर आलं असतं, असं माझं मत आहे. तरीही मी असेंबल्डवाल्यांना दोष देणार नाही. २००१ नंतर एमएस-सीआयटीच्या निमित्ताने तालुक्याच्या गावांत कॉम्प्युटर लॅब निघाल्या, त्या ब्रँडेडच्या भावात उभ्याच राहिल्या नसत्या. शिवाय भारनियमनाच्या वर्षांत एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, उडणं ही नित्याची गोष्ट होती. असेंबल्ड मशीनचा एसएमपीएस संध्याकाळपर्यंत बदलून व्हायचा. ब्रँडेडचा 'इंजिनिअर' जिल्ह्याच्या गावाहून येईपर्यंत बॅच बुडायची.

चित्र पालटलं ते एका आंतरराष्ट्रीय करारामुळे, ज्याचं नाव लॅमिंग्टन रोडवर कोणी घेतलं असेल असं वाटत नाही. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूरला माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरचं आयात शुल्क शून्यावर आणण्याचा करार झाला. भारत त्यात १९९७ मध्ये सामील झाला आणि २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने शुल्क उतरवत शून्यावर आला. तयार कॉम्प्युटरही शून्यावर, सुटे भागही शून्यावर. शुल्क चुकवून चोरवाटेने सुटे भाग आणण्यातला मोठा फायदा संपला. त्याच सुमारास लॅपटॉप आवाक्यात आला, आणि लॅपटॉप काही कोणी काउंटरवर जोडून देत नाही. बहुसंख्य घरांपुरता हा प्रश्नच तिथे मिटला. उरले ते गेम खेळणारे, व्हिडिओ एडिटिंगवाले, आर्किटेक्ट, थ्रीडीवाले आणि ज्यांना स्वतःच्या हाताने पेच पिळल्याशिवाय करमत नाही असे लोक.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. कॉम्प्युटरला आणि त्याच्या भागांना १८ टक्के, म्हणजे कराच्या बाबतीत जोडलेलं आणि तयार दोन्ही एका रांगेत. व्यवसाय करणाऱ्याला भरलेल्या कराचं क्रेडिट हवं तर पक्कं बिल लागतं, त्यामुळे कार्यालयांतून 'बिल नको' हा प्रकार जवळपास नाहीसा झाला. एक विनोद मात्र राहिला होता. वीस इंचांपर्यंतच्या मॉनिटरला १८ टक्के आणि त्यावरच्याला २८. पण चोवीस इंची पडदा असलेलं ऑल-इन-वन हे 'कॉम्प्युटर' ठरायचं, त्याला १८. म्हणजे तोच आकार सुटा घेतला तर चैन आणि तयार मशीनला चिकटून आला तर गरज! १ जानेवारी २०१९ पासून बत्तीस इंचांपर्यंतचे मॉनिटर १८ टक्क्यांत आले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरचेही.

आता ज्या निर्णयावर अजून वाद आहे तिकडे येऊ. ३ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने अधिसूचना काढली: लॅपटॉप, टॅब्लेट, ऑल-इन-वन, 'अल्ट्रा स्मॉल फॉर्म फॅक्टर' कॉम्प्युटर आणि सर्व्हर यांची आयात यापुढे परवान्याशिवाय नाही, आणि हे लगेच लागू. बाजारात एकच धावपळ झाली. दुसऱ्याच दिवशी सरकारने पाऊल मागे घेतलं आणि अंमल १ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलला. नोव्हेंबर उजाडेपर्यंत कडक परवान्याऐवजी ऑनलाइन नोंदणी करून मंजुरी घेण्याची पद्धत आली. आयातदाराने किती माल आणणार ते सांगायचं आणि मंजुरी घ्यायची. ती मुदत आधी सप्टेंबर २०२४ पर्यंत होती, मग डिसेंबर २०२४, मग डिसेंबर २०२५.

बातम्यांत याला 'लॅपटॉप बंदी' म्हटलं गेलं, पण मला त्यातली यादी जास्त बोलकी वाटते. नेहमीचा टॉवर कॅबिनेटचा डेस्कटॉप तीत नव्हता. सुटे भाग नव्हते. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणायला कसलीही मनाई नव्हती. गोंधळ उडाला कारण अधिसूचनेत सीमाशुल्काचा ८४७१ हा क्रमांक होता आणि त्या क्रमांकाखाली जवळजवळ सगळेच कॉम्प्युटर येतात. अखेर ऑक्टोबरमध्ये खुलासा करावा लागला की यादीतल्या पाच प्रकारांपुरतंच हे बंधन आहे, डेस्कटॉप त्यात धरू नये. मधले अडीच महिने अनेक विक्रेते डेस्कटॉपचाही माल रोखूनच बसले होते, असं बाजारात बोललं जायचं. यादीतला चौथा प्रकार खास अडचणीचा. डब्याएवढा मिनी पीसी नेमका कुठल्या मापापर्यंत 'अल्ट्रा स्मॉल' आणि कुठून पुढे साधा डेस्कटॉप? रॅम आणि एसएसडीशिवाय येणारे अर्धवट संच, ज्यांत गिऱ्हाइकाने उरलेलं बसवायचं, ते यंत्र की भाग? जोडणाऱ्यांसाठी हा प्रश्न नुसता शब्दांचा नाही, कारण त्यांच्या धंद्याचा एक तुकडा याच सीमेवर उभा आहे.

परवाना का, सरळ शुल्क का नाही, याचं उत्तर १९९७ मध्ये आहे. शून्य शुल्काचं वचन दिलेलं असल्यामुळे तयार कॉम्प्युटरवर शुल्क लावणं सोपं नव्हतं. एप्रिल २०२३ मध्येच जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा-मंडळाने मोबाइल आणि काही इतर वस्तूंवरच्या शुल्काबाबत भारताच्या विरुद्ध निकाल दिला होता. दुसऱ्या बाजूला मे २०२३ मध्ये देशात आयटी हार्डवेअर बनवणाऱ्यांसाठी १७,००० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली होती. प्रोत्साहन दिलं तरी बहुतांश लॅपटॉप चीनमधून तयारच येणार असतील तर कारखाने कशाला निघतील, हा सरकारचा हिशेब. सुरक्षेचंही कारण दिलं गेलं.

सरकारच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं की जोडणी इथे आली की हळूहळू भागही इथे बनतील, मोबाइलमध्ये ते दिसलं आहे. विरोधकांचं म्हणणं असं की परवान्याने माल महाग होतो, निवड कमी होते आणि 'इथे बनवलं' म्हणजे बहुतेक वेळा इथे पेच पिळले एवढाच अर्थ उरतो. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, हे लपवत नाही. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या नजरेतून सुटली. पेच पिळण्याचं हे काम देशात वीस-पंचवीस वर्षं चालूच होतं, गल्लीबोळांत, कुठल्याही प्रोत्साहनाशिवाय. तयार यंत्रावर बंधन आणि भाग मोकळे, या धोरणाचा सगळ्यात सरळ लाभार्थी तो जोडणारा असायला हवा होता. योजनेच्या अटी मात्र मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या होत्या. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानाचा त्यांत उल्लेख नाही.

ग्राहकाला मात्र गेल्या काही वर्षांत सरकारपेक्षा दुसऱ्याच गोष्टींनी जास्त पिडलं. २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२० ते २०२२ या काळात ग्राफिक्स कार्डं क्रिप्टोच्या खाणकामात, म्हणजे कार्डांकडून गणितं करवून आभासी चलन मिळवण्यात, गेली. दुसऱ्या खेपेला जोडीला कोविडमधली चिप-टंचाई होती. कार्ड छापील किमतीच्या दीडपट-दुपटीने घ्यावं लागायचं, आणि तेही दुकानदार पूर्ण पीसी घेणाऱ्यालाच देईल तर. तयार गेमिंग पीसीतून कार्ड काढून उरलेलं विकणारेही निघाले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या मोठ्या क्रिप्टो चलनाने कार्डांवर चालणारी पद्धत सोडली आणि जुनी, राबवलेली कार्डं 'सेकंडहँड' म्हणून बाजारात ओतली गेली. ती घेताना पंखा हाताने फिरवून बघा, बिल मागा, असे सल्ले तेव्हा सगळीकडे फिरत होते.

२०२५ च्या शेवटी पाळी आली रॅमची. एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरीचं उत्पादन वळलं आणि सुट्या रॅमचे भाव काही आठवड्यांत दुपटीच्या पुढे गेले. डिसेंबरमध्ये एका मोठ्या अमेरिकन मेमरी कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला जुना ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. वेळही नेमकी वाईट होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला होता, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेली दशकभरापूर्वीची असंख्य असेंबल्ड मशीनं विंडोज ११ ला अधिकृतपणे चालत नव्हती. बदलायची गरज आणि भाववाढ एकाच तिमाहीत आली.

मोठ्या कंपन्या मेमरी आगाऊ कराराने उचलतात. त्यामुळे अशा काळात काही तयार मॉडेलं त्याच भागांच्या सुट्या बेरजेपेक्षा स्वस्त मिळून जातात, निदान त्यांचा जुना साठा असेपर्यंत. त्यांच्या उण्या बाजू मात्र जुन्याच: एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या मापाचा, बोर्डावर रॅमच्या जागा दोनच, कॅबिनेट उघडल्यावर वॉरंटीचं काय यावर मौन. सुट्या भागांच्या बाजूने पाहिलं तर बहुतेक मुख्य भागांची तीन ते पाच वर्षांची, रॅमची बहुतेकदा आजीवन वॉरंटी मिळते, पण ती वेगवेगळ्या कंपन्यांची असते आणि मशीन चालू होत नाही तेव्हा दोष कुणाचा हे आधी आपणच शोधायचं. ज्याला ते जमत नाही त्याने जोडून देणाऱ्याला जोडणावळ द्यावी आणि बिलावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर लिहून घ्यावा.