एनआयएलचा पैसा आणि विद्यापीठाचा पैसा

अमेरिकेत शिकून आलेल्या मंडळींत कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला की कोणीतरी हमखास ऐकवतो, ‘२०२१ पासून विद्यापीठे खेळाडूंना पगार देऊ लागली आणि खेळाचा बाजार झाला.’ पण १ जुलै २०२१ रोजी महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने जी मोकळीक दिली, ती एनआयएलची, म्हणजे खेळाडूने स्वतःचे नाव, छबी आणि ओळख वापरू देऊन बाहेरून पैसे मिळवण्याची होती. विद्यापीठाने आपल्या उत्पन्नातून त्याला थेट वाटा देण्याची मुभा १ जुलै २०२५ पासूनची आहे. शिष्यवृत्ती या दोहोंहून वेगळी, हे सर्वांना ठाऊक असल्याने तिच्याविषयी लिहीत नाही.

एनआयएलचा मूळ अर्थ साधा आहे. गावातल्या गाड्यांच्या शोरूममालकाने क्वार्टरबॅकला, म्हणजे संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूला, नव्या पिकअपशेजारी उभे करून फोटो काढला आणि त्याबद्दल त्याला पैसे दिले, तर त्यात मला काहीही वावगे दिसत नाही. संगीत शिकणाऱ्या मुलाने लग्नात वाजवून बिदागी घेतली, तर आपण त्याला बाजारू म्हणत नाही. (एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरच्या परदेशी खेळाडूचे मात्र येथेच अडते, कारण असे फोटो काढून घेणे हेही परवानगीविना केलेले काम ठरू शकते.)

उत्पन्नातला वाटा आला तो खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध भरलेल्या ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीमुळे. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ६ जून २०२५ रोजी ती मंजूर केली आणि पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरांची मर्यादा ठरली. यातला मोठा हिस्सा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो, याचे कोणाला आश्चर्य वाटू नये.

खरा घोटाळा होतो तो या दोहोंच्या मधल्या ‘कलेक्टिव्ह’ नावाच्या प्रकाराने. श्रीमंत माजी विद्यार्थी आणि चाहते यांच्याकडून वर्गणी गोळा करणाऱ्या या संस्था कागदोपत्री विद्यापीठाबाहेरच्या असल्यामुळे त्यांनी दिलेला पैसा एनआयएलमध्येच मोडत असे. पण त्या बदल्यात खेळाडूने एखादी पोस्ट टाकायची किंवा चार सह्या करायच्या, एवढेच असे, आणि रक्कम ठरत असे ती तो आपल्या संघात यावा किंवा दुसरीकडे जाऊ नये म्हणून. जाहिरातीच्या नावाखाली दिलेला हा पगारच होता, आणि तो चाहत्याच्या खिशातून जात होता. मलाही दरमहा ठरावीक रक्कम भरून ‘आपला संघ टिकवा’ असे सांगणाऱ्या ईमेल येत असत. तिकीट, पार्किंग आणि टीव्हीची वर्गणी भरून झाल्यावर आता क्वार्टरबॅकचा हप्ताही मीच भरायचा, हे वाचून मी पहिल्यांदा खरोखर खट्टू झालो. आता ६०० डॉलर किंवा त्याहून मोठे बाहेरचे करार ‘एनआयएल गो’ या यंत्रणेकडे नोंदवावे लागतात, ते नेमके हे सोंग ओळखण्यासाठी. गोंधळात भर म्हणजे विद्यापीठेही आपले करार बहुधा एनआयएलच्या वापराचा परवाना म्हणूनच लिहितात, म्हणजे खेळाडू नोकर ठरत नाही. म्हणून कागदावरच्या शब्दावर विसंबू नये. पैसा कोणाच्या खात्यातून निघाला आणि कशासाठी, हे विचारावे.

बाजाराची सुरुवात मात्र या दोन्हींच्या कितीतरी आधीची आहे. प्रक्षेपणाच्या हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये मोडली आणि वाहिन्यांशी सौदे करायला विद्यापीठे व त्यांच्या कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत सामने खेळणारे विद्यापीठांचे गट, मोकळ्या झाल्या. पॅसिफिक किनाऱ्यावरचे स्टॅनफर्ड २०२४ पासून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळते आणि लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला त्याच वर्षापासून कॉन्फरन्सच्या सामन्यांसाठी पूर्व किनाऱ्यावरच्या न्यू जर्सीपर्यंत जावे लागते, यात एकाही खेळाडूच्या जाहिरातीचा हात नाही. ऑगस्टमध्ये विकत घेतलेल्या तिकिटावर सामन्याची तारीख असते, पण पुष्कळदा वेळ नसते; ती वाहिनी ठरवते, कधी १२ दिवस आधी, तर कधी अवघे ६ दिवस आधी.