नावाआधी लागणारा ‘रँग्लर’

मराठी माणसाने नावाआधी लावण्यासाठी जी विशेषणे राखून ठेवली, त्यांत लोकमान्य आहे, महर्षी आहे आणि त्यांच्याच पंगतीला ‘रँग्लर’ही आहे. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी, रँग्लर नारळीकर. पुण्यात पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही या शब्दाचा अर्थ विचारा, ‘गणितात प्रचंड हुशार’ असे उत्तर मिळेल. ते चूक नाही. पण मूळ अर्थ इतका भारदस्त नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या पदवी परीक्षेत जो पहिल्या वर्गात येतो तो रँग्लर. आपल्या भाषेत सांगायचे तर बी.ए.ला गणितात फर्स्ट क्लास. ‘फर्स्ट क्लास जोशी’ अशी पाटी कुणी दारावर लावत नाही. मग हा एकच फर्स्ट क्लास नावाला कायमचा कसा चिकटला?

त्यासाठी आधी ती परीक्षा पाहावी लागते. तिचे नाव ट्रायपॉस. जुन्या काळी केंब्रिजमध्ये पदवी लेखी परीक्षेवर नव्हे, वादावर मिळत असे. उमेदवाराने एखादे विधान मांडायचे आणि ते इतरांसमोर लढवायचे. आपल्याकडच्या शास्त्रार्थासारखाच प्रकार. त्याच्याशी वाद घालणारा पदवीधर तीन पायांच्या स्टुलावर बसे, त्या तिपाईवरून ‘ट्रायपॉस’ हे नाव पडले असे मानतात. इंग्रजीत हुज्जत घालणाऱ्याला रँग्लर म्हणतात. म्हणजे शब्दशः अर्थ करायचा तर ‘रँग्लर परांजपे’ म्हणजे ‘वाद घालणारे परांजपे’, आणि पुण्याच्या हवेत तो अर्थही फारसा परका वाटू नये.

अठराव्या शतकात वाद मागे पडला, लेखी उत्तरे पुढे आली आणि शतकाच्या मध्याला निकालाची क्रमवार यादी छापली जाऊ लागली. तीन वर्ग असत: रँग्लर, सिनियर ऑप्टिमे, ज्युनियर ऑप्टिमे. या तिन्हींत बसणारे ‘ऑनर्स’वाले, बाकीचे साधे पदवीधर. (नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे चौथे वर्ष पूर्ण करणाऱ्याला जी ‘ऑनर्स’ पदवी मिळते, तिच्या नावातला ऑनर्स याच घराण्यातला.) रँग्लरांमध्ये पहिला येणारा सिनियर रँग्लर. त्याचे नाव वर्तमानपत्रांत झळके, फोटो विकले जात. आणि ऑनर्सच्या यादीत सर्वांत शेवटी येणाऱ्याला त्याचे मित्र भर पदवीदान समारंभात, गॅलरीतून दोरीने सोडून, एक भलामोठा लाकडी चमचा देत. लोक पहिल्याइतकीच शेवटच्याचीही वाट पाहत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ही परीक्षा किती अवाढव्य झाली होती, ते आकड्यांवरूनच कळते. 1854 साली 8 दिवसांत 16 पेपर, एकूण साडेचव्वेचाळीस तास, 211 प्रश्न. 1860च्या दशकातल्या एका परीक्षेचे गुण उपलब्ध आहेत: एकूण 17,000 पैकी पहिल्याला 7,634, दुसऱ्याला 4,123, सर्वांत खालच्या रँग्लरला सुमारे 1,500 आणि लाकडी चमचावाल्याला 237. पहिल्यालाही निम्मे गुण नाहीत. पेपर पुरा सोडवणे कुणाकडूनच अपेक्षित नव्हते. दिलेल्या वेळात कोण किती उरकतो एवढेच पाहायचे होते.

अशी परीक्षा असली की तिच्याभोवती काय उगवते, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. खासगी क्लास. केंब्रिजमधली खरी शिकवणी प्राध्यापकांच्या व्याख्यानांत नव्हे, तर ‘कोच’ म्हणवल्या जाणाऱ्या खासगी शिक्षकांकडे होत असे. विल्यम हॉपकिन्स यांच्या हाताखालून 17 सिनियर रँग्लर निघाले. एडवर्ड राउथ यांच्याकडून पंचवीसहून अधिक, त्यांतले बरेचसे ओळीने. हेच राउथ 1854 साली स्वतः सिनियर रँग्लर होते आणि त्या वर्षी दुसरे आले होते जेम्स क्लार्क मॅक्सवेल. विद्युतचुंबकत्वाची समीकरणे दुसऱ्या आलेल्याने मांडली. या यादीची किंमत करताना एवढी एक जोडी डोळ्यांसमोर ठेवली तरी पुरे.

आता पुण्याकडे येऊ. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, केंब्रिजच्या नव्हे. पण गणिताची प्रतिष्ठा इथेही कमी नव्हती. केरो लक्ष्मण छत्रे इथे गणित शिकवत होते, टिळक त्यांचेच विद्यार्थी, आणि पुढे टिळकांनीही गणित शिकवले. 1885 साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. कोकणात दापोलीजवळच्या मुर्डीचा रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हा मुलगा याच कॉलेजात शिकला. धोंडो केशव कर्वे त्याच्या नात्यातले. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून तो केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला, आणि 1899च्या यादीत जॉर्ज बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने सिनियर रँग्लर ठरला. आनंदमोहन बोस 1874 सालीच रँग्लर झालेले पहिले भारतीय. पण यादीच्या अगदी शिरावर भारतीय नाव येण्याची ही पहिलीच वेळ.

वर्ष लक्षात घ्या. 1897 साली पुण्यात प्लेग, रँडचा खून, टिळकांना शिक्षा. दोन वर्षे पुणे मान खाली घालून होते. राज्यकर्त्यांच्या सर्वांत अवघड मानल्या गेलेल्या परीक्षेत, त्यांच्याच घरी, त्यांच्याच पोरांच्या बरोबरीला आपला मुलगा पहिला आला, ही बातमी अशा गावात येऊन पडली. मला वाटते, फर्स्ट क्लासची उपाधी झाली ती इथे. लोकांनी गणिताच्या ज्ञानापेक्षा जिंकण्याचा मान केला, आणि तेव्हा तो करणे साहजिकच होते.

परांजप्यांनीही त्या मानाचे पैसे केले नाहीत. परत येऊन ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले, 1902 पासून दोन दशकांहून अधिक काळ प्राचार्य राहिले. 1907 साली व्ही. रामस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने भारतीय गणितज्ञांची संस्था, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी, उभी राहिली, तेव्हा तिचे ग्रंथालय फर्ग्युसनमध्येच होते. बाहेरची नियतकालिके मिळणे दुरापास्त असलेल्या काळात पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवारात असे ग्रंथालय असणे ही रँग्लरपदाहून मोलाची गोष्ट होती, पण तिची आठवण फारशी कुणी काढत नाही.

गंमत अशी, की पुण्यात या शब्दाला तेज चढत होते तेव्हा केंब्रिजमध्ये त्याची मोडणी चालू होती. इंग्रज गणिती जी. एच. हार्डी 1898 साली चौथे रँग्लर होते आणि या परीक्षेवर मनापासून चिडलेले होते. युक्त्यांच्या गणितांत वर्षे घालवून इंग्लंडचा हुशार विद्यार्थी युरोप खंडावरच्या खऱ्या गणिताला पारखा होतो, हा त्यांचा मुद्दा. फ्रान्स-जर्मनीत गणितातल्या ‘विश्लेषण’ या शाखेला काटेकोर पाया घातला जात होता, तेव्हा केंब्रिज घड्याळ लावून उदाहरणे सोडवत होते. अखेर क्रमवार यादी बंद झाली. 1909ची शेवटची. त्या वर्षीचा, म्हणून जगातला शेवटचा, लाकडी चमचा मिळाला होल्टहाऊस नावाच्या, शर्यतीत बोट वल्हवणाऱ्या विद्यार्थ्याला. चमच्याचा दांडा वल्ह्याचा होता. त्याचेही कॉलेज सेंट जॉन्सच. आज पहिला वर्ग मिळालेल्यांना रँग्लरच म्हणतात, पण यादीत क्रम नसतो.

याच हार्डींनी पुढे ज्याला केंब्रिजला बोलावले, त्या रामानुजनला मद्रास इलाख्यातल्या कॉलेजांनी नापास केले होते. त्याने ट्रायपॉस कधी दिलीच नाही; 1916 साली संशोधनावर पदवी मिळवली.

यादीतली आणखी एक फट बायकांची. 1890 साली फिलिपा फॉसेट हिने पुरुषांतल्या पहिल्याहून अधिक गुण मिळवले. पण बायकांना पदवी नव्हती आणि क्रमांकही नव्हता, म्हणून ‘सिनियर रँग्लरच्या वर’ एवढेच वाचून दाखवले गेले. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी दिली ती 1948 साली. परांजप्यांची मुलगी शकुंतला न्यूनहॅम कॉलेजात गणिताचीच ट्रायपॉस देऊन 1929 साली बाहेर पडली, म्हणजे वडील ज्या विद्यापीठाच्या यादीत पहिले, तिथे मुलीच्या वाट्याला नावापुरती पदवी. पुढे संततिनियमनाच्या कामाने त्या महाराष्ट्राला माहीत झाल्या.

नंतरच्या रँग्लरांबद्दल थोडक्यात. साताऱ्याचे गणेश सखाराम महाजनी फर्ग्युसनमध्ये शिकवत राहिले आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर बनारसला गणित विभागाचे प्रमुख झाले. त्यांचे चिरंजीव जयंत यांनी बनारसची बी.एस्सी. 1957 साली करून केंब्रिज गाठले आणि 1959 साली तेही रँग्लर. जयंतरावांच्या पत्नी मंगला नारळीकर मुंबई विद्यापीठातच गणित शिकल्या, एम.ए.ला पहिल्या आल्या, आणि संसार सांभाळत पीएच.डी. 1981 साली पुरी केली. त्यांच्या नावाआधी लावायला मराठीकडे शब्द नव्हता.

आणि दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. डहाणूत जन्म, ठाण्यात शाळा, मग फर्ग्युसन. 1927 साली त्यांना कॉलेजात गणिताचे एक पारितोषिक मिळाले, त्याचे नाव रँग्लर परांजपे पारितोषिक. 1929 साली बी.एस्सी. झाले आणि शिक्षण तिथे थांबले. देवळालीला शाळामास्तर म्हणून 1962 पर्यंत नोकरी. गणिताच्या परिषदांना स्वखर्चाने जात, आपल्या पुस्तिका स्वतःच छापून घेत. विद्यापीठातली मंडळी त्यांना हौशी समजून फारसे मनावर घेत नसत. पदवीच्या अभ्यासक्रमात त्यांचे गणित बसत नव्हते आणि आजही फारसे बसत नाही. 1975 साली अमेरिकेत गणितातल्या गमतींवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा बाहेरच्या जगाला ते कळले.

त्यांची क्रिया सातवीतल्या मुलालाही जमते. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात पायऱ्यांत 6174 येते आणि तिथून हलत नाही. परांजपे पहिले आले ते साल घेऊन पाहा. 1899: 9981 वजा 1899, उरले 8082. मग 8820 वजा 0288, 8532. मग 8532 वजा 2358, 6174.